आखूड गोमेसी

मसाका,
१० जून १९९३

ती. पर्पेतुआताईस,
बोनिफासचा सा. नमस्कार.

तू पाठवलेले धुरावलेले मासे पोचले. पुडकं जरा हलकं वाटलं. बसच्या ड्रायव्हरने वाटेत हात मारला असावा असा गोरेतीचा संशय आहे, पण मी कुणावर आळ घेत नाही.

पत्राचं कारण नाकू. तुझी भाची आणि माझी थोरली. तिला पंधरावं लागलं आहे आणि तिने मला गुडघे टेकून नमस्कार करणं बंद केलं आहे.

ताई, हे लिहितानासुद्धा मला शरम वाटते. आपल्या सात पिढ्यांत कुणा मुलीने बापापुढे ताठ उभं राहून 'रात्र कशी गेली' विचारलेलं नाही. ही विचारते. सकाळी दाराला टेकून उभी राहते, नाक्यावरच्या पोलिसासारखी. तोंडातल्या तोंडात दोन शब्द टाकते आणि मी काही बोलायच्या आत विहिरीकडे चालती होते. बरं, गुडघ्यांना काही झालंय म्हणावं तर आईपुढे टेकते, शेजारच्या म्हाताऱ्यापुढे टेकते, परवा पोस्टमनपुढेही टेकली. फक्त माझ्यापुढे नाही. गेल्या रविवारी चर्चचे मास्तर घरी आले होते. त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसून चहा ठेवला आणि माझा कप उभ्याने टेबलावर आदळला. मास्तरांनी आपल्या कपात असं काही डोकं घातलं, जणू त्यात मासाच पडलाय. दुसऱ्या दिवशी अर्ध्या बाजाराला बातमी होती. मी लोकांच्या बायकांचे कपडे शिवणारा माणूस, माझ्या दुकानात बातमी यायला कितीसा वेळ लागतो.

माझा अंदाज असा, की यामागे एखादा मुलगा असावा. नाहीतर शाळेत कंपालाहून ती नवी केस कापलेली मास्तरीण आली आहे, तिने काहीतरी भरवलं असेल. गोरेतीला म्हटलं, विचार. ती म्हणाली, तुमची मुलगी आहे, तुम्ही विचारा. आता बापाने वयात आलेल्या मुलीला असलं कसं विचारायचं? हे काम बापाचं नाही आणि आईचंही नाही. हे आत्याचं काम आहे आणि आत्या तू आहेस. तेव्हा विचार आणि मला कळव.

मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. ऑगस्टमध्ये शाळा सुटेपर्यंत ती ताळ्यावर आली नाही, तर तिला कायमची तुझ्याकडे बेटावर पाठवतो. पुढची शाळा तिथेच करील. जिथे बापाला नमस्कार करवत नाही तिथे राहायचं तरी कशाला? हे मी तिला सांगितलंही. तिची पापणीसुद्धा लवली नाही. 'बरं' म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

तुझा,
बोनिफास

*

कलांगाला,
१९ जून

बोन्या,

सा. नमस्कार वगैरे मला लिहायचा कंटाळा आहे, तो पोचला असं समज. ड्रायव्हर बिचारा निर्दोष आहे. मासे मीच कमी बांधले होते. तुझं पोट गेल्या नाताळात पाहिलं तेव्हाच ठरवलं होतं.

पोस्टमनपुढे टेकते आणि तुझ्यापुढे नाही, म्हणजे पोरीचे गुडघे शाबूत आहेत आणि डोकंही. बिघाड तुमच्या दोघांच्या मधे कुठेतरी आहे.

तू दोन पानं भरून लिहिलंस. ती कशी उभी राहते, काय आदळते, कुणाच्या कपात कोण बुडालं, सगळं आलं. तू काय करतोस ते मात्र एका ओळीतही नाही. ती गुडघे टेकत होती तेव्हा तू तिला काय म्हणायचास? नीट उत्तर द्यायचास का? आपल्यात नमस्कार एकट्याने होत नाही, बाबा. एकाने 'म्म' म्हणायचं, दुसऱ्याने 'म्म' म्हणायचं, पुन्हा पहिल्याने. आपल्या आजीची तर एका नमस्कारात मटोकेची केळी उकडून व्हायची. तेव्हा तुझ्या बाजूचे 'म्म' कुठे गेले ते मला कळव.

मुलाचं विचारते. पण एक आत्ताच सांगून ठेवते. आत्या म्हणजे गोमेसीचा घोळदार झगा नेसलेला बाप, हे मला मान्य आहे. आत्या म्हणजे बापाची चहाडखोर, हे मान्य नाही. ती मला जे सांगेल त्यातलं किती तुला द्यायचं ते मी ठरवीन.

आणि पाठवायचं म्हणशील तर खुशाल पाठव. मला आवडते ती. पण माझ्या घराला तुरुंग समजू नकोस. इथे माझे दोन्ही नवरे आपणहून आले होते आणि आपणहून गेले, एक देवाघरी आणि एक एन्तेब्बेला.

पर्पेतुआ

*

कलांगाला,
१९ जून

नाकूबाई,

तुझ्या बापाचं पत्र आलं. त्याच्या मते तुझ्या आयुष्यात एक मुलगा आहे, एक केस कापलेली मास्तरीण आहे आणि तुझ्या गुडघ्यांत सैतान आहे. यातलं खरं काय आहे ते लिही. मुलगा असेल तर त्याचं नाव, त्याच्या आईचं नाव आणि तो पायात काय घालतो ते लिही, बाकी मी बघते.

मुलगा नसेल तर मग काय आहे ते लिही. लाजू नकोस. तुझ्या आईला जे सांगता येत नाही आणि बापाला जे विचारता येत नाही, त्यासाठीच देवाने मला जन्माला घातलं, नाहीतर मासे धुरावायला इथे माणसं कमी नव्हती.

पत्र पोस्टात टाकू नकोस. बोटीवरच्या जोसेफिनकडे दे. तिला वाचता येत नाही आणि आलं तरी तिला कंटाळा आहे.

तुझी आत्या

*

मसाका,
२७ जून

प्रिय आत्या,

मुलगा नाही. वर्गात कावीसा म्हणून एक आहे, तो रोज माझ्या भूमितीच्या वहीतून उतरवतो आणि त्याच्या अंगाला खडूचा वास येतो. तो मुलगा धरायचा असेल तर धर. मास्तरणीने फक्त लोकसंख्या शिकवली.

आता खरं लिहिते, पण हसू नकोस.

मी लहान होते तेव्हा बाबांच्या मशिनखाली बसायचे. माझ्याकडे दोरीला बांधलेलं लोहचुंबक होतं. ते फिरवून मी पडलेल्या टाचण्या गोळा करायचे. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे की मसाकात सगळ्यात तेज डोळे माझ्या मशिनखाली बसलेत. दुकान बंद करून घरी आले की मी गुडघे टेकून 'दिवस कसा गेला' विचारायचे, आणि मग आमचं 'म्म' 'म्म' सुरू व्हायचं. आम्ही मुद्दाम लांबवायचो. आई चुलीपासून ओरडायची, 'अरे संपवा आता, भाजी करपली.'

मग दोन नाताळांपूर्वी माझं पोट दुखत होतं आणि मी पडून होते. आई पडद्यापलीकडे बाबांना हळूच काहीतरी म्हणाली. काय ते तुला कळलंच असेल. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दुकानात गेले, तर बाबा खाली मान घालून म्हणाले, 'आता इथे येत जाऊ नकोस, गिऱ्हाइकं असतात.' गिऱ्हाइकं आधीही होती. त्यानंतर मी गुडघे टेकले की ते रेडिओकडे बघायचे. रेडिओ बंद असला तरी. 'म्म' एकदाच व्हायचं, मग तेही थांबलं. त्यांच्याच घरातली माती असल्यासारखी मी खाली बसून राहायचे आणि मग उठून जायचे.

हेही मी सोसलं असतं. पण जानेवारीत गणवेश शिवायचा होता. आत्या, बाबांनी माझा गणवेश सालोंगोकडे टाकला. समोरच्या सालोंगोकडे. ज्याने एका नवरीच्या बाह्या उलट्या लावल्या होत्या, तोच. सगळ्या मसाकाच्या बायकांना बाबा शिवतात, मास्तरणींना शिवतात, त्या जाड्या लाकूडवालीलासुद्धा शिवतात, आणि माझ्यासाठी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. माझी डावी बाही उजवीपेक्षा लांब आहे. वर्गात मुली विचारतात, तुझे वडील शिंपी ना गं? मी सांगते, त्यांना वेळ नसतो. मला असं वाटतं की मी मोठी झाले म्हणजे माझ्यात काहीतरी घाण झाली, म्हणून त्यांना मला हात लावायचा नाही.

मग एका सकाळी मी फार वैतागले होते. गुडघे टेकलेच नाहीत. उभीच राहिले. आणि बाबांनी माझ्याकडे बघितलं. एक वर्षाने बघितलं, आत्या. डोळे रागाने लाल होते, पण माझ्यावर होते. दुसऱ्या दिवशी टेकले, तर पुन्हा रेडिओ. तेव्हा मी ठरवलं की टेकायचं नाही. एवढंच आहे.

आता ते मला कायमचं तुझ्याकडे पाठवणार म्हणतात. मी 'बरं' म्हटलं, कारण आणखी एक शब्द बोलले असते तर रडले असते. तुझ्याकडे यायला मला आवडतं, खरंच. पण मला घरातून जायचं नाही. हे त्यांना सांगू नकोस. सांगितलंस तर ते माझ्यावर उपकार केल्यासारखे मला ठेवून घेतील आणि पुन्हा रेडिओच ऐकतील.

तुझी,
नाकू

*

कलांगाला,
१० जुलै

बोन्या,

मुलगा नाही. झोप आता शांत. मास्तरणीचाही काही दोष नाही, ती गरीब बाई लोकसंख्या शिकवते. बाकी पोरगी मला काय म्हणाली ते माझ्यापाशी राहील.

जोसेफिनबरोबर कापड पाठवते आहे. जांभळं, पिवळ्या फुलांचं. ऑगस्टमध्ये नाकूला माझ्याकडे पाठव. कायमची की सुट्टीपुरती, ते तुझं तू ठरव, मी त्यात पडत नाही. पण माझ्याकडे वयात आलेल्या मुली रविवारी गोमेसीशिवाय चर्चमध्ये येत नाहीत. तेव्हा तिची पहिली गोमेसी शिवून पाठव. आणि ती तू शिवायची. सालोंगोने शिवलेली आली तर मी ती मासे गुंडाळायला वापरीन. तू विचारशील की हे मला कसं कळलं. सालोंगोच्या बाह्यांची कीर्ती तळ्यापलीकडेही पोचली आहे, एवढंच समज.

आता जरा वेगळं लिहिते, ते नीट वाच.

आपले आबा तुला आठवतात ते वेगळे आणि मला आठवतात ते वेगळे. तुला त्यांनी सायकल शिकवली. मी तेरा वर्षांची झाले, आणि त्यांनी माझी चटई आपल्या चटईपासून लांब टाकायला लावली. त्यानंतर माझ्याशी बोलायचं तर आईच्या तोंडून. 'तिला सांग पाणी आण.' मी तिथेच उभी असायची, बोन्या, हातभर अंतरावर. माझं लग्न ठरलं तेसुद्धा 'तिला सांग' असंच मला कळलं. लोक म्हणायचे, किती मर्यादेचा माणूस. ते वारले तेव्हा सगळ्यांना वाटलं मी फार रडले. मी रडले, पण मला माणूस नीट आठवतच नव्हता. त्यांची पाठ आठवत होती. मला अजून राग आहे त्यांचा, आणि आता तो कुणाला दाखवू?

त्यांनी वाईट काही केलं असं कुणी म्हणणार नाही. त्यांच्या बापाने जे केलं तेच केलं. आता तू तेच करतो आहेस की काय, ते तुझं तू बघ. मी फक्त कापड पाठवते आहे.

पर्पेतुआ

*

मसाका,
२४ जुलै

ती. ताईस,
सा. नमस्कार.

कापड मिळालं. आबांबद्दल तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची हिंमत झाली नाही.

पण तू माझ्यावर अन्याय करते आहेस. मला ती नकोशी नाही. ताई, मी दिवसभर बायकांची मापं घेतो. टेप लावतो आणि आकडे मोठ्याने बोलतो, दुकानातला हाताखालचा पोरगा लिहून घेतो, त्यात मला काही वाटत नाही. पण ही माझ्या मशिनखाली टाचण्या वेचत झोपी जायची. हिला आता समोर उभी करून बाईचं माप घ्यायचं, या विचारानेच माझ्या कानशिलांना घाम फुटला. म्हणून सालोंगोकडे पाठवली. शिंपी म्हणून मला लाज वाटली नाही, बाप म्हणून वाटली. यात तिला वाईट वाटण्यासारखं काय आहे ते मला अजून कळत नाही. उलट मी तिची मर्यादाच राखली.

असो. गोमेसी शिवून झाली. टेपची मला गरज पडली नाही. रस्त्यापलीकडून चाललेल्या बाईचं माप मी नुसत्या नजरेने सांगतो, हे सगळ्या मसाकाला माहीत आहे. बिशपांच्या आईची गोमेसी मी तिला एकदाच चर्चमध्ये मागून बघून शिवली होती, ती एक बोट इकडेतिकडे झाली नाही. मग माझ्या स्वतःच्या पोरीचं माप मला कुणी सांगायला हवं का? गोमेसीच्या खांद्यांची टोकं तर अशी उभी राहिली आहेत की बघत राहावं. इस्त्री करून गोरेतीकडे दिली आहे, शाळा सुटेल त्या दिवशी ती तिला देईल.

नाकू अजून उभीच राहते. काल मी हेडमास्तरांना भेटून तिचा शाळा सोडल्याचा दाखला तयार ठेवायला सांगितलं. माझा शब्द मी मागे घेणार नाही.

तुझा,
बोनिफास

*

मसाका,
७ ऑगस्ट

ती. वन्संना,
गोरेतीचा नमस्कार.

घाईत लिहिते, बस उभी आहे आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आहे. आज नाकूला तुमच्या कापडाची गोमेसी दिली. तिने मागच्या खोलीत जाऊन नेसली आणि बाहेर आली. वन्सं, मला हसावं की रडावं कळेना. गोमेसी टाचेपर्यंत हवी, ती पोटरीवर थांबली होती. कमरेला पट्टा बांधल्यावर आणखी वर गेली. खांदे गळ्याशी आले होते. दोन वर्षांपूर्वीच्या नाकूला ती झकास बसली असती.

पोरगी आरशासमोर उभी राहिली. दोन्ही हातांनी कड खाली ओढून पाहिली. मग म्हणाली, 'आई, ही कुणासाठी शिवलीय?' मी म्हटलं काढ, मी त्यांच्याकडून नीट करून आणते. तिने ऐकलं नाही. तशीच अनवाणी, नडग्या उघड्या, बाजाराच्या रस्त्याला लागली. दुकानात आज हे आहेत, शनिवार आहे, गिऱ्हाइकं भरलेली असतील. चारचौघांत ती यांना काय बोलेल आणि हे काय करतील, मला काही सुचत नाही. तिची पेटी भरलेली आहे, दाखला हेडमास्तरांच्या टेबलावर आहे. मी तिच्यामागे जाते आहे.

गोरेती

*

मसाका,
९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. नमस्कार.

गोमेसीच्या उंचीत किरकोळ फरक निघाला. तू पाठवलेलं कापड हलक्या प्रतीचं असावं, इस्त्रीत आटलं. आतली दुमड सोडून आणि खाली एक पट्टी जोडून काम भागवलं. खांदेही उसवून पुन्हा लावले. आता ठीक आहे.

हेडमास्तरांना दाखला नको म्हणून सांगून आलो. ते म्हणाले, तुमचं काय ते एकदा ठरवा. मी म्हटलं, ठरलं.

नाकू गुरुवारच्या बोटीने येईल. सुट्टीपुरती. तिला कालवण तिखटच आवडतं.

तुझा,
बोनिफास

ता. क. कापड तसं बरं आहे. मी आटलं म्हणालो ते विसर.

*

मसाका,
१० ऑगस्ट

प्रिय आत्या,

बाबांनी तुला काय लिहिलं असेल ते मला माहीत आहे. 'किरकोळ फरक' असंच लिहिलं असणार. किरकोळ म्हणजे वीतभर. आता माझ्याकडून ऐक.

मी घरातून निघाले तेव्हा मला त्यांची फजिती करायची होती. हे आधीच कबूल करते, नाहीतर तू मला फार चांगली मुलगी समजशील. बाजारातून मुद्दाम लांबच्या वाटेने गेले. केळीवाली ओरडली, 'काय गं, पूर आलाय का, एवढी वर धरलीस ती?' मी थांबून तिला मोठ्याने सांगितलं, 'बोनिफास कीगोझींनी शिवली आहे. मसाकातले सगळ्यात चांगले शिंपी.' पुढे लाकूडवालीलाही तेच सांगितलं. सालोंगो मशीन थांबवून दारात आला, तर त्यालाही सांगितलं. तो इतका खूश झाला की त्याला टेकायला खांब शोधावा लागला.

दुकानात दोन बायका बसल्या होत्या. मी उंबऱ्यात उभी राहिले. बाबांनी मान वर केली. आधी त्यांना माझे पाय दिसले, मग नडग्या, मग गोमेसीची कड. शिंप्याची नजर ना, आधी कपडाच बघितला. मग हळूहळू वर आले, कमर, खांदे, आणि तोंडापर्यंत पोचायला त्यांना फार वेळ लागला. कुणी ओळखीचं माणूस फार दिवसांनी गावात आल्यावर बघतात तसं बघत होते. मी वाटेत पुष्कळ बोलायचं ठरवून ठेवलं होतं, चांगलं झोंबणारं.

ते म्हणाले, 'इतकी उंच कधी झालीस?'

मी म्हटलं, 'तुम्ही रेडिओ ऐकत होतात तेव्हा.'

मला वाटलं आता थोबाडीत बसेल, आणि मग मी आजच बोटीवर असेन. मी एक नडगी दुसरीमागे लपवत होते, आणि गोमेसी एवढी आखूड की तेही सगळ्यांना दिसत होतं. मागे आई धापा टाकत पोचली होती, तिच्या पायात दोन वेगळ्या चपला होत्या.

बाबांनी त्या दोघींना सांगितलं, 'सोमवारी या, आज माझ्या मुलीचं काम आहे.' मग मला स्टुलावर उभं राहायला सांगितलं. टेप गळ्यात होता, तो त्यांनी आईच्या हातात दिला, खांद्यांचं माप तू घे म्हणाले. आणि स्वतः टाचण्या तोंडात धरून खाली बसले, गुडघ्यांवर. आत्या, शिंपी रोजच बसतात असे, कड लावायला दुसरा उपाय नसतो. त्या जाड्या लाकूडवालीपुढेही बसतात. पण मी त्यांना इतक्या वरून कधी बघितलं नव्हतं. डोक्यावर मागे केस गेलेत, केवढी तरी गोल जागा झाली आहे. घरात रोज त्यांच्यावर रागावत होते आणि मला ते माहीतच नव्हतं.

ते तुरपाई उसवत होते. टाके सोडवताना दोनदा बोटाला कात्री लागली. मला एकदम वाईट वाटलं. का ते कळलं नाही, मी तर जिंकले होते. काय करावं सुचेना, म्हणून मी तिथूनच, स्टुलावरून, म्हटलं, 'दिवस कसा गेला, बाबा?'

त्यांचा हात थांबला. तोंडात टाचण्या होत्या. ते म्हणाले, 'म्म.'

मी म्हटलं, 'म्म.'

मग ते पुन्हा 'म्म' म्हणाले, आणि मी पुन्हा. थांबेचनात. मान खाली घालून कड लावत होते आणि 'म्म' म्हणत होते, आणि त्यांचं नाक वाहत होतं, आणि तोंडातल्या टाचण्यांमुळे त्यांना ते ओढताही येत नव्हतं. आई खांद्याचं माप घेता घेता रडायला लागली आणि तिने आकडा चुकवला. सालोंगो रस्ता ओलांडून आला आणि आत डोकावून विचारू लागला की कुणाला बरं नाही का.

कड लावून झाल्यावर बाबांनी टाचण्या काढल्या आणि विचारलं, 'बेटावरून परत कधी येशील?' मी म्हटलं, 'तुम्ही तर कायमचं पाठवताय.' ते म्हणाले, 'मी गाढव आहे.' आई म्हणाली, हे तिने लग्नाच्या आधीच ऐकलं होतं.

आता घरची खबर. गुडघे टेकायचे की नाही हे मी अजून पक्कं ठरवलेलं नाही. काल टेकले. आज सकाळी उठायला उशीर झाला होता म्हणून उभ्यानेच म्हटलं. बाबा एकदम लाल झाले, तोंड उघडलं, मग माझ्याकडे बघत राहिले आणि 'म्म' म्हणाले. चांगलं लांब. मग म्हणाले, 'ही पद्धत नाही, हे तुला आत्या समजावून सांगेल.' तेव्हा तू मला समजावून सांगायचं आहेस. मी ऐकेन असं त्यांना कळव.

गुरुवारी मी गोमेसी नेसूनच येणार आहे. खालची जोडलेली पट्टी वेगळ्या जांभळ्या रंगाची आहे, कारण त्यांच्याकडे तसलं कापड नव्हतं. चर्चमध्ये तुझ्याकडच्या बायका हसल्या तर हसू देत, मी ती काढणार नाही.

एक मात्र माझं ऐक. मला तुझ्याकडे फार आवडेल, तळं आवडेल, मासे आवडतील, आणि शेवटच्या दिवशी मी तुला नक्की म्हणेन की अजून थोडे दिवस राहू दे. तेव्हा माझं ऐकू नकोस. पेटी उचलून मला बोटीत बसव. बाबा बुकाकाटाच्या धक्क्यावर येऊन उभे राहणार आहेत.

तुझी,
नाकू